मानसशास्त्राचं पहिलं प्रॅक्टिकल: सब्जेक्ट समोर बसण्याआधी आणि बसल्यावर

प्रॅक्टिकलच्या पहिल्या तासाला मुलं लॅबमध्ये येतात आणि इकडंतिकडं बघत राहतात. लॅब म्हणजे बर्नर, काचेच्या नळ्या, उग्र वास, असं काहीतरी डोक्यात असतं. आमच्या खोलीत मधे लाकडी पडदा असलेली टेबलं, कार्डांचे गठ्ठे, पाचसहा स्टॉपवॉच आणि दोन कॉम्प्युटर, त्यातला एक कायम दुरुस्तीला. शेवटी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, प्रयोग करायचा कशावर?"

"शेजारच्या मुलीवर," मी सांगते. शेजारची दचकते.

मी नाशिकमध्येच शिकले आणि गेली काही वर्षं तासिका तत्त्वावर याच विषयाच्या बॅचेस घेते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेल्या इथल्या कॉलेजांत मानसशास्त्र घेतलं, की बोधनिक मानसशास्त्राचे प्रयोग कधी ना कधी वाट्याला येतातच: अवधान, स्मृती, प्रतिक्रियाकाल, संवेदन. पुस्तकात प्रयोगाचं नाव, उद्देश, साहित्य, कार्यपद्धती सगळं दिलेलं असतं. नसतं ते एवढंच, की प्रयोग घेणाऱ्यानं जरा कंटाळवाणं व्हायला शिकावं लागतं. दहाव्या सब्जेक्टशी, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग घ्यायचा त्याच्याशी, पहिल्याइतकंच, त्याच शब्दांत, त्याच सुरात बोलायचं आणि चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. वर्गातली गप्पिष्ट, हसतमुख मुलं इथे आधी अडखळतात, हे माझं निरीक्षण. मीही त्यांच्यातलीच होते.

एक पट्टी घ्या

पहिल्या दिवशी मी कुणालाच यंत्राला हात लावू देत नाही. ३० सेंटिमीटरची पट्टी पुरते. एकानं पट्टी वरच्या टोकाला धरायची. दुसऱ्यानं अंगठा आणि तर्जनी शून्याच्या खुणेपाशी उघडी ठेवायची, पट्टीला न टेकवता. काही न बोलता पट्टी सोडायची. ती जिथे पकडली गेली तो आकडा लिहायचा. पट्टी गुरुत्वाकर्षणानं पडते, त्यामुळे अंतरावरून वेळ काढता येतो: १५ सेंटिमीटर म्हणजे साधारण ०.१७ सेकंद, २० म्हणजे ०.२०, २५ म्हणजे ०.२३. दहा वेळा करा आणि सरासरी काढा.

आता दोन पट्ट्या, दोन हात. कुठली सुटणार ते सांगायचं नाही आणि ज्या हातासमोरची सुटेल त्याच हातानं पकडायची. आकडे वाढतात. वाढलेला वेळ हा "कुठली?" हे ठरवण्याचा. डोंडर्स नावाच्या डच डॉक्टरनं १८६८ मध्ये हाच विचार मांडला: साध्या प्रतिक्रियेचा वेळ निवडीच्या प्रतिक्रियेतून वजा करा, म्हणजे मधल्या मानसिक कामाचा वेळ हाती लागतो. जर्मनीत लाइपझिगला वुंटची मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू झाली ती त्यानंतर, १८७९ मध्ये. आपल्याकडे कोलकाता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग १९१६ मध्ये. व्हायवाला विचारतात, म्हणून ही सालं एकदा लिहून ठेवा आणि पुढे चला.

पट्टीच्या खेळात आणखी एक गोष्ट उघडी पडते. सोडणाऱ्याचं मनगट आधी किंचित हलतं आणि पकडणारा ते हलणं पाहून पकडतो. दोघांनाही पत्ता नसतो. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो अशी ख्याती होती. ऑस्कर फुंग्स्टनं १९०७ मध्ये दाखवून दिलं, की घोडा प्रश्न विचारणाऱ्याच्या बारीक हालचाली वाचतो. तुमचा सब्जेक्ट घोड्यापेक्षा नक्कीच हुशार आहे.

मारुतीच्या कमरेला पाणी

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर क्युसेकचा आकडा नंतर विचारतो. आधी विचारतो, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. पुराचा जोर नुसत्या डोळ्यांनी मोजता येत नाही, पण मारुती सगळ्यांना दिसतो आणि दोघांनी पाहिलं तर दोघांचं उत्तर एकच येतं.

प्रयोगात परतंत्र चल (आपण जे मोजतो ते) म्हणतात ते हेच. अवधान दिसत नाही, स्मृती दिसत नाही. मारुती तुम्हाला उभा करावा लागतो: आठवलेले शब्द किती, चुका किती, वेळ किती मिलिसेकंद. जर्नलमध्ये "सब्जेक्टची एकाग्रता मोजली" असं लिहू नका. काय मोजलं ते लिहा.

मारुती कुठे उभा आहे हेही बघायला हवं. पाणी डोक्यावरून गेलं की आणखी किती चढलं ते मारुती सांगू शकत नाही. पाच शब्दांची यादी दिली आणि सगळ्यांना पाचही आठवले, तर कुठल्या परिस्थितीत स्मृती चांगली होती ते कळायला मार्गच उरत नाही. उलट पाणी पायरीलाही लागलं नाही, म्हणजे यादी इतकी अवघड की कुणालाच काही आठवत नाही, तरीही हाती शून्य. म्हणून खरा प्रयोग करण्याआधी दोन-तीन मैत्रिणींवर तो करून बघा आणि ते आकडे फेकून द्या. ही कच्ची फेरी नव्वद टक्के मुलं टाळतात (हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, मोजलेला नाही).

स्ट्रूपची कार्डं स्वतः करा

एकच प्रयोग नीट शिकायचा असेल तर मी स्ट्रूपचा सांगेन. खर्च नाही, परिणाम ठळक, आणि चुका करायला भरपूर वाव. "लाल" हा शब्द निळ्या शाईत छापलेला; शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. जीभ अडखळते. जॉन रिडली स्ट्रूपनं १९३५ मध्ये हे प्रसिद्ध केलं. त्याच्या सब्जेक्टना १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३ सेकंद लागले आणि दुसऱ्याच रंगाचं नाव असलेल्या १०० शब्दांच्या शाईचा रंग सांगायला ११० सेकंद. उलट बाजूनं मात्र, रंगीत शाईतला शब्द नुसता वाचायला काळ्या शाईपेक्षा जेमतेम दोन सेकंद जास्त लागले. वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते थांबवता येत नाही. रंगाचं नाव सांगणं तेवढं पडलेलं नसतं.

लॅबमध्ये जुनी कार्डं असतातच, पण ती वापरून काही शिकायला मिळत नाही. आपली करा. दोन कार्डं पुरेत: एकावर ५० रंगीत चौकोन, दुसऱ्यावर ५० विसंगत शब्द. चार रंग घ्या. पांढऱ्या कागदावर पिवळा दिसत नाही, तो नको. लाल, निळा, हिरवा आणि तपकिरी चालतील. ५० ला चारनं भाग जात नाही, हे लक्षात आलं असेल तर शाबास. ४८ करा, प्रत्येक रंग १२ वेळा. तोच रंग लागोपाठ येऊ देऊ नका. आणखी एक बारकावा: एका ओळीत "हिरवा" हा शब्द लाल शाईत आला आणि लगेच पुढच्या शब्दाची शाई हिरवी असली, तर नुकताच दाबून टाकलेला रंग उच्चारायचा असल्यामुळे वेळ आणखी वाढतो. तोही टाळा.

आमच्या वेळी मी कार्डं कॉलेजबाहेरच्या एका दुकानातून कलर प्रिंट काढून आणली. निळा जांभळट आला होता. दुकानात दिव्याखाली तो मला निळाच वाटला. लॅबमध्ये खिडकीच्या उजेडात अर्धे सब्जेक्ट "जांभळा" म्हणाले, आणि मी प्रत्येकाची चूक इमानेइतबारे मोजत गेले. बारा जणांचे आकडे वाया गेले. तेव्हापासून प्रिंट आल्यावर मी ती आधी प्रयोगाची काहीच कल्पना नसलेल्या कुणाला तरी दाखवते आणि विचारते, हे कुठले रंग? रंगांधळेपणाची विचारणाही आधीच करा. लाल-हिरव्याचा गोंधळ पुरुषांत जास्त आढळतो आणि बऱ्याच जणांना तो आपल्याला आहे हे माहीतच नसतं.

नाशिकचा म्हणून एक मुद्दा. एकाच वर्गात कॉलेज रोडवरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतली मुलगी असते, सटाण्याकडचा घरी अहिराणी बोलणारा असतो आणि सुरगाण्याहून आलेला, घरी कोकणा बोलणारा. देवनागरी वाचन प्रत्येकाच्या किती अंगवळणी पडलंय, यावर अडथळा किती येणार ते ठरतं. ज्या भाषेत आपण सराईतपणे वाचतो, तिथे तो जास्त. म्हणून माहितीच्या तक्त्यात वय आणि लिंग यांच्यासोबत शाळेचं माध्यम आणि घरची भाषा असे दोन रकाने घाला. जर्नलच्या छापील नमुन्यात ते नसतात. हातानं आखा.

सूचना पाठ नको, कागद हवा

प्रयोग कार्डात बिघडत नाही इतका सूचनेत बिघडतो. "मी तुला कार्ड देणार, त्यावरचे रंग सांग, पटपट" ही सूचना नव्हे. सूचना लिहा, मोठ्या अक्षरात, आणि प्रत्येकाला त्याच कागदावरून वाचून दाखवा. माझ्या बॅचची साधारण अशी असते:

"तुमच्या समोर एक कार्ड येईल. त्यावर शब्द छापलेले आहेत. शब्द वाचू नका. प्रत्येक शब्द ज्या रंगाच्या शाईत आहे, त्या रंगाचं नाव मोठ्यानं सांगा. डावीकडून उजवीकडे, एक एक ओळ. चूक झाली तर ती दुरुस्त करून पुढे जा. जितकं लवकर आणि जितकं अचूक जमेल तितकं करा. मी 'सुरू' म्हणाल्यावर सुरुवात करा. काही विचारायचंय?"

"लवकर" आणि "अचूक" दोन्ही शब्द हवेत. नुसतं लवकर म्हणालात तर चुका वाढतात आणि वेळ कमी होतो. नुसतं अचूक म्हणालात तर उलट. मग दोन सब्जेक्टच्या वेळांची तुलना कशाशी करणार? चूक दुरुस्त करायची की सोडून द्यायची, हेही आधीच सांगा. नाहीतर एक जण थांबून माफी मागतो आणि दुसरा सुसाट पुढे जातो.

सूचनेनंतर दहाएक शब्दांचं सरावाचं छोटं कार्ड द्या. सूचना समजली की नाही हे "समजलं का?" विचारून कळत नाही, सगळे "हो" म्हणतात.

मग क्रम. सगळ्यांना आधी चौकोन आणि मग शब्द दिले, तर शब्दांच्या वेळी ते थकलेले असतील किंवा सरावलेले. फरक कशाचा ते सांगता येणार नाही. निम्म्यांना उलट क्रम द्या. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. आलेल्यांपैकी पहिले निम्मे एकीकडे, असं नको. लवकर येणारी मुलं आणि उशिरा येणारी मुलं सारखी नसतात.

आणि मधे बोलू नका. "छान", "अरे वा", "जमतंय की" यातलं काहीही नाही. चूक झाल्यावर हसायचंही नाही. स्टॉपवॉच दिसेल असं हातात धरू नका.

सब्जेक्ट म्हणजे कुणाचा तरी वेळ

सब्जेक्ट मिळवण्यासाठी आपण एफवायच्या मुलांना पकडतो. "बस ना यार, दहा मिनिटं." तो बसतो, कारण सिनियरला नाही कसं म्हणायचं? ही संमती नव्हे. काय करायचं आहे, किती वेळ लागेल, मधेच उठून गेलं तरी चालेल आणि नाव कुठेही येणार नाही, हे आधी सांगा आणि मगच सही घ्या. तक्त्यात नावाऐवजी स१, स२ असे क्रमांक लिहा. प्रयोगानंतर पाच मिनिटं बसून तुम्ही नेमकं काय तपासत होतात ते सांगा, आणि त्याला काय वाटलं ते विचारा. जर्नलमधला अंतर्निरीक्षण अहवाल तिथेच मिळतो. "सब्जेक्टला प्रयोग आवडला" हे वाक्य मी शेकडो जर्नलांत वाचलंय. एका मुलीनं एकदा लिहिलं होतं, "शेवटच्या ओळींत डोळे बारीक करून अक्षरं पुसट करायला लागले." ते खरं निरीक्षण, आणि तिचा वेळ शेवटी का घटला त्याचं कारणही. वर्गातला सराव सोडून पुढे प्रबंध किंवा लेख करायचा असेल, तर आधी संस्थेच्या नीतिविषयक समितीची परवानगी लागते. ते गाईडला विचारा.

द्वारका चौकातल्या वाहनांच्या कोंडीतून धावत आलेल्याला लगेच खुर्चीत बसवू नका. पाणी द्या, पाच मिनिटं जाऊ द्या. डिसेंबर-जानेवारीत, निफाडचा पारा पेपरात छापून येतो त्या दिवसांत, सकाळच्या बॅचला बोटं गारठलेली असतात आणि बटण दाबण्याचे प्रयोग तेव्हा भलतेच आकडे देतात. लग्नसराईत खालून बँड जातो. खिडकी लावा, तरी आवाज आला तर वेळ आणि "बँड" अशी नोंद करा. नोंद केली की तो प्रयोगाचा भाग होतो, लपवला की दोष.

कॉम्प्युटर कधी घ्यायचा

स्टॉपवॉच थांबवायला तुमच्या बोटालाही वेळ लागतो, पट्टीच्या खेळात पाहिलात तेवढा. एका मिनिटाच्या कार्डाला तो पचतो. एकेका शब्दाचा प्रतिक्रियाकाल हवा असेल तर पचत नाही. तिथे कॉम्प्युटर लागतो. सायकोपाय हे मोफत सॉफ्टवेअर आहे, प्रोग्रॅमिंग न येताही त्यात प्रयोग मांडता येतो. दोन गोष्टी जपा. देवनागरी फाँट स्वतः निवडा आणि सगळे शब्द पडद्यावर एकदा बघून घ्या, काही वेळा जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. आणि ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनीच नवं चित्र दाखवतो, त्यामुळे "२० मिलिसेकंद दाखवा" असं लिहिलंत तरी ते जमणार नाही. १७ किंवा ३३. एकाच प्रयोगातले सगळे सब्जेक्ट एकाच मशिनवर बसवा. फोनवर प्रयोग घ्यायचा मोह आवरा.

आकडे आले तसे

समजा एका सब्जेक्टचे दहा प्रतिक्रियाकाल असे आले: ६१२, ६४०, ६५५, ६७१, ६८८, ७०२, ७१५, ७३०, ७४४ आणि २३१० मिलिसेकंद. सरासरी ८४६.७. पण दहापैकी नऊ आकडे ७५० च्या खाली आहेत, म्हणजे ही सरासरी त्यातल्या कुणाचीच नव्हे. २३१० कुठून आला? चहावाला पोऱ्या दार ढकलून आत आला तेव्हा. मध्यांक (आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा) काढला तर ६९५, आणि तो पटतो. प्रतिक्रियाकालात असे लांबलेले आकडे नेहमीचेच. खालच्या बाजूला शरीराची मर्यादा आहे, वरच्या बाजूला काहीच नाही. आकडा वगळायचा असेल तर नियम आधी ठरवा ("२००० च्या वरचे वगळणार"), प्रयोगानंतर डोळ्यांना खुपणारे निवडून नव्हे, आणि किती वगळले ते लिहा.

इथे माझी जुनी तक्रार आहे. सिनियरांची जर्नलं पिढ्यान्पिढ्या हातोहात फिरतात, आणि त्यातले आकडे थोडे हलवून नव्या जर्नलात उतरतात. प्रत्येकाचा स्ट्रूप परिणाम देखणा, प्रत्येकाच्या स्मृतीचा आलेख पुस्तकासारखा. तपासणाऱ्याला हे पाच मिनिटांत कळतं, कारण खरी माणसं इतकी आज्ञाधारक नसतात. खऱ्या आकड्यांत एखादा सब्जेक्ट उलटा निघतोच, आणि चर्चेत लिहायला मजकूर असतो तो त्याच्यामुळे. परिणाम आला नाही, तर "परिणाम आला नाही" असं लिहा आणि कारणांचा शोध घ्या: कार्ड? सूचना? भाषेचं माध्यम? कच्च्या नोंदींचा कागद, खाडाखोडीसकट, जर्नलला टाचून ठेवा. फेअर करून फेकू नका.

यादीतले शब्द

स्मृतीच्या प्रयोगांबद्दल थोडक्यात, कारण सूचना, क्रम आणि नोंदी इथेही त्याच. फरक शब्द निवडण्यात. एका मुलानं यादी केली: द्राक्ष, कांदा, घाट, रथ, मिसळ, चिवडा. नाशिकच्या सब्जेक्टला यात स्मृती वापरायचीच गरज नाही. एक आठवला की बाकीचे आपोआप येतात. यादीतले शब्द एकमेकांचे नातेवाईक नसावेत, अक्षरांची संख्या साधारण सारखी असावी आणि ऐकताना दुसऱ्या शब्दासारखे वाटू नयेत.

स्मृतीवर प्रयोग करणाऱ्या एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात निरर्थक अक्षरजोड्या वापरल्या होत्या. मराठीत त्या करायला बसलात की कळतं, आपली भाषा काहीही निरर्थक राहू देत नाही. मी "झुप" घातलं, एकीला झुपका आठवला. यादी आधी चार जणांना वाचून दाखवा, अहिराणीवाल्यालाही, आणि विचारा, यावरून काही सुचतं का?

पंधरा शब्द, दर दोन सेकंदांनी एक, मग मुक्त स्मरण, म्हणजे आठवतील ते शब्द हव्या त्या क्रमानं सांगायचे: सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द जास्त आठवतात. पुढच्या गटाला यादी संपल्याबरोबर ३०० मधून तीन-तीन वजा करत अर्धं मिनिट उलटं मोजायला लावा. शेवटच्या शब्दांचा फायदा जातो, सुरुवातीचा टिकतो. ग्लान्झर आणि क्युनिट्झ यांनी १९६६ मध्ये हे दाखवलं. दोन बाकांवर, एका तासात तुम्हीही दाखवू शकता.

परीक्षेच्या दिवशी

स्टॉपवॉचचा सेल आदल्या दिवशी बघा. सूचनेच्या कागदाच्या दोन प्रती ठेवा, एक नेहमी हरवते. सब्जेक्ट स्वतःचा आणायला सांगितलं असेल तर एकाला नव्हे, दोघांना सांगून ठेवा. सिटीलिंकची बस चुकली किंवा ताप आला तर ऐनवेळी शिपायाच्या विनवण्या कराव्या लागतात. वर्गातलाच सब्जेक्ट नको, त्याला प्रयोग पाठ असतो. आणि जो येणार आहे त्याला आदल्या रात्री फोनवर "काही अवघड नाही रे, शब्द न वाचता रंग सांगायचे" असं समजावून सांगू नका. त्यानं घरी सराव केलेला असतो.